टाकीखालचा डाव

लाइट काही आता लवकर येत नाही. कंदिलाची वात जरा वर करा, म्हणजे सांगते. तुम्हाला भुताची गोष्ट हवी आहे, आणि ही तशी आहेही. पण मला ती आठवली की आधी लाज वाटते, भीती नंतर.

एकोणनव्वद सालचा मे महिना होता. माझे वडील सहादू रेल्वेत खलाशी होते. ते निवृत्त झाले आणि नाशिकरोड स्टेशनामागची क्वार्टर रिकामी करून द्यायची वेळ आली. मी तेव्हा वणीला प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेला सुट्टी लागली होतीच, मुलीला, विशाखाला, सोबत घेतलं आणि एसटीने आले. काम साधंच होतं. सामान बांधायचं, टेम्पोत घालायचं आणि दोघा म्हाताऱ्यांना गावच्या घरी पोचवायचं. पण माझी आई, लताबाई, फुटकी कपबशीसुद्धा टाकू देत नव्हती. "ऱ्हाऊ दे, हाय त्याला काय झालंय?" हे तिचं पालुपद. पहिला अख्खा दिवस आमचा या वादातच गेला.

त्या क्वार्टर्समध्येच मी लहानाची मोठी झाले. समोरासमोर दोन ओळी, मध्ये मातीची गल्ली, गल्लीच्या टोकाला रूळ. विकतचं खेळणं कुणाकडेच नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. बुटपॉलिशच्या दोन डब्या आणि दोरा मिळाला की टेलिफोन झाला. मालगाडीच्या डब्यांना शिशाची सिलं असायची, पोरं ती गोळा करून पळीत वितळवायची आणि भोवऱ्याच्या बुडाला ओतायची. रुळावर खिळा ठेवला की गाडी गेल्यावर त्याचं पातं तयार व्हायचं आणि घरी मार ठरलेला असायचा. मुलींचे सागरगोटे, बांगड्यांच्या काचा, चिंचोके. सगळं फुकटातलं.

पण खरा खेळ एकच, डबा ऐसपैस. मातीत गोल आखायचा आणि त्यात डालड्याचा रिकामा डबा ठेवायचा. एकाने तो लांब भिरकावायचा. ज्याच्यावर राज्य असेल त्याने तो आणून पुन्हा गोलात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. मग तो एकेकाला हुडकणार, आणि दिसला की डब्यावर पाय आपटून नाव घेणार, "अमका ऐसपैस!" नाव घेतलं की बाहेर यायचं. तोवर जागचं हलायचं नाही.

राज्य कुणावर, ते चकून ठरायचं. तिघांनी हातात हात घालायचे आणि एकदम तळवे टाकायचे, ज्याचा वेगळा पडला तो सुटला. मी हात पुढे केला की पुंजाराम म्हणायचा, "तू नको चकू. इमल कच्चा लिंबू." हा पॉइंट्समनचा मुलगा, गल्लीचा पुढारी. कच्चा लिंबू म्हणजे खेळायला घेतलेला, पण न धरलेला. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, त्याने डबा उडवला तरी तो उडवला असं कुणी मानत नाही. अगदी लहान पोरांना तसं करतात. मी सात वर्षांची होते. पुंजारामची बहीण पाच वर्षांची होती, आणि ती मात्र चकायची.

गल्लीत बौद्धांची घरं आमचं धरून तीन. त्याचा आणि चकण्याचा काही संबंध असेल हे माझ्या गावीही नव्हतं. उलट मला तो मान वाटायचा. सांगताना आजही जीभ जड होते, पण खरंच वाटायचा. राज्य नाही, कटकट नाही, नुसतं लपायचं. आणि लपण्यात मी एवढी हुशार, की मला कुणी एकदाही शोधू शकलं नाही! एक डाव संपून दुसरा सुरू झाल्याचा गलका ऐकू यायचा आणि मी तोंडावर हात दाबून हसत बसायचे.

माझी जागा टाकीखाली होती. इंजिनांना पाणी द्यायची जुनी लोखंडी टाकी, तिच्याखाली दगडी चौथरा. चौथरा आतून पोकळ, आणि त्याला गल्लीकडे तोंड असलेली एक बुटकी कमान, लहान मूल वाकून आत जाईल एवढी. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच ती टाकी वापरातून गेली होती. आत गंजाचा आणि ओल्या राखेचा वास यायचा. भर दुपारीसुद्धा दोन हातांपलीकडचं काही दिसत नसे.

तिथे आणखी एक मुलगी असायची. मी गेले की ती आधीच बसलेली, मी निघाले की ती मागे राहिलेली. पलीकडच्या ओळीतली असेल असं मी धरून चालले होते. तिचा चेहरा मला कधीच दिसला नाही. कमानीतून येणाऱ्या उजेडात तिचा हात तेवढा यायचा, सागरगोटे उडवायचा आणि झेलायचा. एकही खाली पडत नसे, आणि झेलताना आवाज होत नसे. त्याचं तेव्हा मला फक्त कौतुक वाटायचं.

"माजं नाव घेतलं का गं कुनी?" ती विचारायची.

"नाय."

"तुजं?"

"माजं बी नाय."

"मंग बस अजून…"

स्वतःचं नाव तिने एकदाच सांगितलं होतं. साळू.

एके दिवशी मी फुशारक्या मारत आईला सांगितलं, मी आणि साळू टाकीखाली लपतो, आम्हाला कुण्णी शोधू शकत नाही. आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली. "उद्यापासनं खेळाया जायाचं नाय," एवढंच ती म्हणाली. का, म्हणून विचारलं तर पाठीत धपाटा बसला. त्यानंतर मी गल्लीत खेळले नाही.

कच्चा लिंबू म्हणजे काय ते पुढे कळलं, कुणी न सांगता, जसं कळतं तसं. एका मैत्रिणीच्या घरी पाणी वरून ओंजळीत पडलं, आणि त्या क्षणी मला गल्लीतलं ते चकणं आठवलं. कुणाला माझा हात हातात घ्यायला लागू नये म्हणून तो सगळा मान होता. लाज त्यांना वाटायला हवी, हे मी वर्गात मुलांना ठणकावून सांगते. पण मला लाज वाटते ती माझ्या हसण्याची. अंधारात, तोंड दाबून, आपण जिंकलो म्हणून हसण्याची.

तर ते असो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाद्यांच्या वळकट्या बांधत होते. विशाखाला सहावं लागलं होतं, ती सकाळपासून गल्लीतल्या पोरांत मिसळली होती. बाहेर डब्याचा खडखडाट झाला आणि मला एकदम बरं वाटलं. घरोघरी टीव्ही आले, तरी हा खेळ टिकला म्हणायचा. मग एका पोराचा आवाज आला.

"तिला नको चकायला घेऊ. ती कच्चा लिंबू."

दोरी माझ्या हातात तशीच राहिली. लहान आहे म्हणून म्हणाला असेल, मी मनाशी म्हटलं. पाहुणी आहे म्हणून असेल. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, कशाला उगाच तोंड वाजवायचं? उठावं, बाहेर जावं, असं वाटत होतं आणि मी गाठी मारत होते. वर्गात टेबलावर पट्टी आपटून समानता शिकवणारी मी, आईच्या उंबऱ्याआड गप्प बसले.

पण कान बाहेरच होते. एकेक नाव पडत होतं, पाय आपटत होते, नवा डाव, पुन्हा नावं. विशाखाचं नाव काही येत नव्हतं. मग हळूहळू आवाज कमी झाले आणि गल्ली गप्प झाली. उन्हाने पत्रे तडतडत होते, तेवढंच. मी बाहेर आले तर गोलात डबा उभा होता आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नळावर एक पोरगा पाय धूत होता.

"आमची विशाखा कुठंय रे?"

"कोण?"

"तुमच्यात खेळत होती ती."

"हां, ती… ती लपलीय. आम्ही हुडकलीच नाय तिला. कच्चा लिंबू ना ती."

वाईट बुद्धीने नाही हो, अगदी सहज म्हणाला. जेवायला जायची घाई होती त्याला.

बाबा अनवाणीच रुळांकडे धावले, गाडीची वेळ झाली होती. आई दारोदार विचारत सुटली. मी मात्र कुणाला न विचारता टाकीकडे निघाले. माझे पायच तिकडे वळले.

चौथरा तसाच होता. कमान मात्र राख-मातीने अर्धी बुजली होती. मी आडवी झाले, डोकं घालून पाहिलं, ते आत जाईना. हात तेवढा खांद्यापर्यंत गेला. आत तोच वास. आणि थंडी. बाहेर दगडाला हात लावला तर चटका बसत होता आणि आत माझी बोटं गारठली. चाचपडता चाचपडता हाताला एक लहान पाऊल लागलं. त्यात विशाखाचं पैंजण होतं. पाऊल थंडगार होतं.

"विशाखा! बाहेर ये!"

"श्शू… आई, हळू बोल." तिचा आवाज पेंगुळलेला होता. "आम्ही लपलोय."

"डाव संपला बाळा. ये बाहेर."

"नाव घेतल्याशिवाय यायचं नसतं… साळू म्हणते."

मी पाऊल धरून ओढलं, ते जागचं हललं नाही. जोर केला तर तिला लागत होतं, ती कण्हली.

"मी घेतेय ना तुझं नाव? विशाखा, विशाखा, ये गं."

"असं नाही… डब्यावर."

"तुला भूक लागली असेल. आजीने आमरस केलाय…"

"लागली होती. आता नाही लागत."

आणि तिच्या मागून, खूप आतून, दुसरा आवाज आला. समजुतीने, थोरल्या बहिणीने सांगावं तसा.

"आदी लागती… मंग नाय लागत."

मी तिथून उठले ती थेट गोलाकडे पळाले. तोपर्यंत आईच्या हाका ऐकून बाया दारांत आल्या होत्या. सहादूची शिकलेली लेक, शाळेतली बाई, केस विस्कटलेले, पातळ राखेने माखलेलं, भर उन्हात डब्यावर पाय ठेवून उभी. त्याही वेळी मला त्या बायांची लाज वाटली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. मी डोळे मिटले, पाय आपटला आणि ओरडले,

"विशाखा ऐसपैस!"

कमानीतून आधी हात आले, मग डोकं. विशाखा रांगत बाहेर आली, उभी राहिली आणि उन्हात डोळे चोळायला लागली. आईने धावत जाऊन तिला उचललं. माझा पाय अजून डब्यावरच होता. तेवढ्यात कमानीतून आवाज आला. लांबून आला, पण माझ्या कानाशी बोलावं इतका स्पष्ट.

"आन् मी?"

मला नाव माहीत होतं. एक शब्द उच्चारायचा होता. सात वर्षांची असताना मी त्या अंधारात जिच्या शेजारी बसले, तिचं नाव एवढ्या वर्षांत घेऊ शकेल असं माणूस मी एकटीच, आणि पायाखाली डबा. बाया बघत होत्या. कमानीतून काय बाहेर येईल, ते आलं तर त्याला कुठे न्यायचं, त्याच्याशी काय बोलायचं… मी डब्यावरचा पाय काढला. आईच्या मागोमाग घरात गेले आणि दाराला कडी घातली.

विशाखाला गूळपाणी पाजून निजवल्यावर आईने विचारलं, "कोन व्हतं तितं?"

"साळू."

आई भिंतीला टेकली.

"चांगुणाची पोर ती. आपल्यातलीच. तिची माय इंजिनाची राख उपसायची. तू जन्मायच्या आदीची गोष्ट. डब्याचा खेळ चालला व्हता, पोरं सांजच्याला घरला गेली. ही नाय आली. मायनं इचारलं तर पोरं म्हनली, आमी न्हाई हुडकली, ती कच्चा लिंबू." आईने पदर तोंडाशी धरला. "टाकीखाली सापडली. पान लागलं व्हतं पायाला, सापाचं. गल्लीत इतकी मानसं, पर पोरगी वरडली नाय बघ… वरडलं तर सापडू म्हनून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू हसत आली व्हतीस गं."

संध्याकाळी विशाखाला जाग आली. मी तिला मांडीवर घेऊन तेल लावत होते. ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

"आई, तुला साळूचं नाव माहीत होतं?"

"हो."

"मग तू का नाही घेतलंस?"

मी तेल लावत राहिले. "तिला वाटलं तू घेशील," विशाखा म्हणाली, आणि परत झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सामान चढलं, आई-बाबा पुढे बसले, विशाखा आजीच्या मांडीवर. मी म्हटलं, कुलूप लावून आलेच. ऊन डोक्यावर आलं होतं आणि दारं लोटलेली होती. गोल पुसट झाला होता, तो मी चपलेच्या टोकाने पुन्हा आखला. कडेला पडलेला डबा आणून मधोमध ठेवला. आज कुणी बघत नव्हतं म्हणून मी आले होते, हेही सांगून टाकते. एवढीच माझी हिंमत. डब्यावर पाय आपटला आणि जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या मोठ्याने म्हटलं,

"साळू ऐसपैस!"

काही झालं नाही. मग कमानीपुढची राख जरा हलली. वारा नव्हता. राखेवर एक पाऊल उमटलं, लहानसं, अनवाणी. त्याच्यापुढे दुसरं. पावलं माझ्या दिशेने आली आणि गोलाशी येऊन थांबली. माझ्या उजव्या हाताची बोटं कुणीतरी धरली. चकायला धरतात तशी. थंडगार, पण घट्ट. मग ती पकड सुटली, आणि पावलं रुळांच्या दिशेने पळत गेली. मी तोंडावर पदर घेऊन रडले, आणि कितीतरी वर्षांनी मला मोकळं वाटलं.

पाठ फिरवली, तोच कमानीतून आवाज आला.

"आन् मी?"

साळूचा नव्हता. मुलगा होता कुणीतरी, बोबडा.

त्याच्यामागून आणखी एक आवाज आला, बागलाणाकडची बोली, खडी फोडायला आलेल्या लोकांची असते तशी. "मनं नाव ले वं, माय…" माझंही नाव घे, म्हणत होता. मग आणखी एक. खालून, चौथऱ्याच्याही खालून, आत जेवढी जागा नव्हती तेवढ्यातून. कुणी हट्टाने, कुणी अगदी हळू, खेळात घेतलं नाही तर राग येऊ नये म्हणून बोलतात तसं.

मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. डब्यावर पाय ठेवून मी विचारलं, "नावं काय रे तुमची? सांगा मला… एकेकाने सांगा."

आणि ती सगळी एकदम सांगायला लागली. नावात नाव मिसळत होतं, मला एकही धड पकडता येईना. मी कान देऊन उभी होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, बाबांनी हाक मारली. त्या गलक्यात एक आवाज होता, तो मात्र गयावया करत नव्हता. कमानीच्या अगदी तोंडाशी होता, आणि तोंडावर हात दाबून हसत होता.

"मी इमल," तो म्हणाला. "सहादूची इमल. मला नाय कुनी हुडकू शकत."

ते नाव मी घेतलं नाही. मी कुलूप लावलं आणि टेम्पोत जाऊन बसले.